राजाला फिरवून आणते

शेजारच्या सूनबाईनं मागच्या महिन्यात नागपूरहून एक कुत्रं आणलं. पांढरं, आखूड पायांचं, मांजरीएवढं. दिवसभर ते गॅलरीत गोल गोल फिरतं आणि उगाच भुंकतं. मी विचारलं, "काय गं, याला बाहेर फिरवत नाहीस का?" तर म्हणाली, "एवढंसं तर आहे आजी, घरातल्या घरात होऊन जाते त्याचं फिरणं. थोडं चिडखोर आहे, डॉक्टरला विचारून राहिली मी."

माझं डोकंच सणकलं. म्हटलं, "बाई, ते चिडखोर नाही, ते कोंडलेलं आहे. सकाळ-संध्याकाळ मैदानावर ने, जीभ बाहेर येईस्तोवर पळव, मग बघ कसं गाईसारखं निजतं ते." ती नुसती हसली. म्हातारीला काय कळते, असं ते हसणं. कुत्र्यातलं मला दुसरं काही कळत नाही हे खरं, पण एवढं एक कळतं. लहान चणीचं कुत्रं म्हणजे कमी दमाचं कुत्रं, हा गैरसमज आमच्या घरानं एक अख्खा उन्हाळा निस्तरला आहे.

तेव्हापासून दुपारी जरा डोळा लागला की मला पांढुर्ण्याची आमची गल्ली दिसते. काटेरी झुडपांना कापसाचे पुंजके लटकलेले असतात, दूर कुठं तरी मालगाडी शिटी देत असते, आणि गल्लीतून आत्या पळत असते. तिच्या पुढं एक पांढरा ठिपका. दोघांच्या पायांचा आवाज मात्र येत नाही.

देश स्वतंत्र झाला तेव्हा मी शाळेत जाऊ लागले होते. बाबा पांढुर्ण्याच्या सरकारी शाळेत मास्तर. घरात बाबा, आई, मी आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्या आमच्याकडे राहत नव्हती, आलेली होती. हा फरक फार मोठा होता आणि तो कोणी समजावून न सांगताही मला कळत होता. पोळ्यानंतर तिचे सासरे तिला नागपूरहून गाडीनं घेऊन आले. ट्रंक ओसरीवर ठेवली, चहा घेतला, म्हणाले, "थोडे दिवस माहेरी राहू द्या, हवापालट होईल. आम्ही मुऱ्हाळी पाठवू." सासरहून न्यायला माणूस आल्याशिवाय लेकीनं परत जायचं नाही, अशी रीत. तो न्यायला येणारा मुऱ्हाळी. तो काही आला नाही. लग्नाला बरीच वर्षं होऊनही आत्याला मूलबाळ नव्हतं. पुढं कानावर आलं की तिकडं तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं.

आता माहेरी आलेल्या बाईला आमच्याकडं एक प्रश्न विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, 'जेवलीस का' इतका तो साधा असतो. "कई आली वं माय? किती दिवस हायेस?" आत्यानं विहिरीवर पहिल्यांदा सांगितलं, "आहे आठ-पंधरा दिवस." मग सांगू लागली, "दिवाळीपर्यंत आहे." दिवाळी आली, फराळ झाला, पणत्या धुऊन फळीवर गेल्या. त्यानंतर एक दिवस ती घागर घेऊन निघाली आणि दारातूनच परत फिरली. घागर खाली ठेवून आईला म्हणाली, "वहिनी, पाणी तुम्हीच आणत जा. मला ते विचारतात."

तेव्हापासून आत्या मागच्या खोलीत बसली. कापसाचं गाव आमचं, कापसाला तोटा नाही. ती सरकी काढायची, कापूस पिंजायची आणि वाती वळायची. फुलवाती, तेलवाती, लाखाची वात लावायची म्हणून वाती. सगळ्या गल्लीच्या देवांना पुरून उरतील इतक्या वाती झाल्या तरी तिचे हात थांबेनात. आई तिच्या पुढ्यात ताट सरकवी, ती जेवी, परत वळू लागे. मला त्या खोलीत जायला आवडायचं, कारण तिथं सगळं मऊ आणि पांढरं होतं, आणि मला तिथं भीतीही वाटायची. आत्या हळूहळू कमी होते आहे असं मला वाटे. एक दिवस दार उघडावं तर नुसता कापूस असेल.

आई एकदा बाबांवर चिडली. "तुमची बहीण भिंतीत जिरून जाईल अशानं. काही करा न." बाबा म्हणाले, "काय करू? लोकांच्या तोंडाला हात लावू?" आणि खरंच, काय करणार होते ते?

त्याच सुमारास होळीच्या आगेमागे राजा आला. रेल्वेचा एक इंग्रज साहेब रुळाजवळच्या बंगल्यात राहायचा. बाबा त्याला मराठी शिकवायला जात. तो आता आपल्या देशी निघाला होता. जाताना त्यानं आपलं कुत्रं बाबांच्या हाती दिलं, सोबत एक चामडी पट्टा, आणि बाबा काही बोलायच्या आत तोंड फिरवून आत निघून गेला. बाबा ते धोतराच्या सोग्यात धरूनच घरी घेऊन आले. पांढरं अंग, एक कान तपकिरी, पाय एवढेसे, शेपूट एखाद्या बोटासारखी उभी. साहेबानं ठेवलेलं नाव आमच्या कोणाच्या तोंडी बसेना. आत्यानं मागच्या खोलीतून मान काढून पाहिलं आणि म्हणाली, "ये रे माझ्या राजा." बस्, राजा.

साहेबाचं कुत्रं! त्याला मातीत कसं सोडायचं? आईनं त्याच्यासाठी जुन्या लुगड्याची चौघडी घातली. त्याला दूध-पोळी, वर तुपाची धार. शेजारणी बघायला येत आणि म्हणत, "मायबाई, केवढंसं हाय! खेळण्यातलंच वाटते." बाबा त्याला कडेवर घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारीत. झालं त्याचं फिरणं.

आठवडाभर तो शहाण्यासारखा वागला. मग सुरू झालं. आधी त्यानं चौघडी फाडली. मग बाबांच्या वहाणा. मग तुळशीचं वृंदावन एका बाजूनं इतकं उकरलं की तुळस वाकडी झाली. मुसळाचा आवाज आला की मुसळावर भुंके, कावळा आला की कावळ्यावर, कोणीच आलं नाही तर भिंतीवर. अंगणात स्वतःच्या शेपटीमागं असा गरगरे की बघणाऱ्याला घेरी यावी. तुपाची धार वाढवली तर गरगरणं वाढलं.

उन्हाचे दिवस. चैत्रातच आमच्याकडं जमीन तापते. सगळ्यांचं एकमत झालं की याला उष्णता झाली. थंड देशाचं जनावर, त्याला आमचं ऊन चढलं डोक्यात. मग काय विचारता! सब्जा भिजवून दिला. गुलकंद चाटवला. ताकात बसवला. गळ्यात कांद्याची पुरचुंडी बांधली, ती त्यानं खाल्ली. ओलं पोतं करून त्याच्यावर टाकलं, तर ते पोतं घेऊनच तो घरभर पळाला आणि आईच्या सोवळ्याच्या पाण्यात जाऊन पडला. समोरची काकू म्हणाली, नजर लागली. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मिरच्या चुलीत टाकल्या, आणि अख्खं घर ठसकत अंगणात आलं. राजा तेवढा मजेत. त्याला वाटलं असेल, चला, शेवटी सगळे बाहेर निघाले!

जितकी त्याला उष्णता जास्त, तितकं आम्ही त्याला सावलीत बांधून ठेवू, आणि जितकं बांधून ठेवू, तितका तो पेटे. शेवटी बाबा म्हणाले, कोणाला तरी देऊन टाकू. हे ऐकून आत्यानं हातातली वात खाली ठेवली, एवढं मला आठवतं.

ही गोष्ट एका दिवशी उजाडतानाची आहे. मी अंगणात बाजेवर अर्धवट झोपेत. हवेत तो पहाटेचा गारवा, जो आमच्याकडं उन्हाळ्यात घडीभरच असतो. राजानं मागच्या फाटकाखाली माती उकरली, सपाट होऊन सरकला आणि बाहेर. आत्या तेवढी जागी होती. "अगंबाई! राजा!" असं म्हणून ती तशीच धावली. अनवाणी, अंगावर घरातलं लुगडं, केसांची वेणीसुद्धा नाही. कितीतरी महिन्यांनी ती उंबरा ओलांडत होती आणि ते तिच्या ध्यानातही नव्हतं. मी बाजेवरून उडी मारली आणि तिच्या मागं.

गल्लीत बायका सडा टाकत होत्या. राजा तीरासारखा गेला. मागून आत्या. एका काकूनं तोंड उघडलं, "अवं, कई आ..." तोवर आत्या पुढं. पुढच्या दारातली म्हातारी काठी टेकून उभी राहिली, "किती दि..." आत्या पुढं. मी मागून बघत होते. त्या सगळ्यांच्या तोंडात प्रश्न अर्धा राहिला होता. पळणाऱ्या माणसाला कोण थांबवणार, आणि कशाला?

रेल्वेचं फाटक ओलांडून तो संत्र्याच्या बागेत शिरला. तिथं खाली सुपारीएवढी हिरवी संत्री गळून पडलेली. राजा एकेकामागं धावे, तोंडात धरून उडवी, परत धावे. घुशीचं बीळ दिसलं की नाकापर्यंत आत. झाडांच्या रांगांतून तो पांढरा ठिपका दिसे, लपे, परत दिसे. आत्या धापा टाकत बांधावर बसली. सूर्य वर आला नव्हता, पानापानांत निळसर धूर असल्यासारखं होतं. तिनं एक हिरवं संत्रं उचललं, लांब फेकलं. राजानं आणून तिच्या पायाशी टाकलं. तिनं परत फेकलं. मग ती हसू लागली. मी तिला हसताना पाहिलेलं मला आठवतच नव्हतं, मला रडूच आलं.

घरी आलो तेव्हा ऊन अंगणभर झालं होतं. आत्याच्या पायाला चिखल, केसांत काटक्या. आई दारात उभी होती, आत जाऊन तिनं चहा ठेवला. आणि राजा? तो पाणी प्यायला, चौघडीच्या उरलेल्या तुकड्यावर पडला आणि निजला. मुसळ वाजलं, उठला नाही. कावळा आला, उठला नाही. आई दोनदा वाकून बघून आली की आहे ना जिता. "ताई," ती म्हणाली, "याला उष्णता नव्हती हो. याला नुसतं पळायचं होतं." बाबा कपाळाला हात लावून हसले. एवढा मोठा मास्तर!

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी आत्याच्या हातात पट्टा होता. "वहिनी, राजाला फिरवून आणते." तेच वाक्य मग रोज, सकाळी आणि उन्हं कलल्यावर. उन्हाळ्यात माती पोळायच्या आत परत यायचं, पावसाळ्यात चिखल धुवायचा, हिवाळ्यात मात्र घड्याळच नाही. एवढासा जीव, पण सकाळची दौड चुकली की दुपारी घराचं काही खरं नसे. एका पोळ्याला बाबा म्हणाले, "आज बैलांना सुट्टी, राजालाही सुट्टी." त्यानं दुपारपर्यंत दाराचं आंब्याच्या पानांचं तोरण खाली ओढून फस्त केलं. पुरणपोळी बाजूला ठेवून आत्या पट्टा घेऊन निघाली.

आणि प्रश्न विचारायला कोणाला सवड मिळाली नाही. बाया तोंड उघडत, राजा हिसका मारी, आत्या पळता पळता म्हणे, "थांबत नाही हो हा, काय करू?" कितीतरी वर्षं ती अशी पळाली. तिच्या पोटऱ्या घट्ट झाल्या, रंग रापला, भूक वाढली. वाती ती अजूनही वळे, पण देवापुरत्या. मला सुट्टी असली की मीही जाई. थंडीत बागेत धुकं असायचं, संत्री पिवळी होऊन त्यात लटकलेली, आणि माणूस दिसायच्या आधी राजाच्या पायांची टपटप ऐकू यायची. मला वाटायचं हे असंच राहणार. मी मोठी होईन, म्हातारी होईन, आणि आत्या त्या धुक्यात पळतच असेल.

मग राज्यं नव्यानं मांडायची बोलणी सुरू झाली. मराठीवाले सगळे एकीकडं जाणार म्हणत होते, आणि आम्ही इकडंच राहणार असंही म्हणत होते. पानठेल्यावर, शाळेत, आमच्या ओसरीवर माणसं तावातावानं भांडत. शेवटी नागपूर गेलं मुंबईबरोबर आणि आम्ही राहिलो मध्य प्रदेशात. कोणी म्हणालं, वाईट झालं. कोणी म्हणालं, चार दिवसांत बदलेल. बाबा म्हणाले, "संत्री तर त्याच गाडीनं नागपूरला चालली न? मग झालं." आत्यानं राजाला पट्टा लावला. तिचं सासर आता दुसऱ्या राज्यात होतं.

बाबांची बदली सौंसरला झाली. सामान बैलगाडीत चढलं, वर आई, आणि आईच्या मांडीवर राजा, कारण राजा आता म्हातारा झाला होता. तपकिरी कान पांढरा पडला होता, मागचे पाय थरथरत. मन मात्र तेच. सकाळ झाली की पट्टा तोंडात धरून दाराशी. चार पावलं टाकी, बसे, आत्याकडं बघे. मग आत्या त्याला कडेवर घेई आणि सौंसरच्या संत्र्याच्या बागेकडं नेई, तिथं बांधावर सोडी. तो एखाद्या संत्र्याला नाक लावी, जरा उडवी, दमे. तेवढ्यानं त्याचा दिवस भागे.

नवं गाव, नवे शेजारी. कोणाला काही माहीत नाही. गळ्यात मंगळसूत्र आणि भावाच्या घरी, मग काय, प्रश्न तोच. "मास्तरांच्या भगिनी का जी? कधी आल्या?" राजा आता हिसका मारत नव्हता, पण कडेवर होता. आत्या म्हणे, "याला बरं नाही हो, जाते जरा," आणि मान खाली घालून निघे. म्हणजे पळण्याचा दम संपला तरी राजानं तिला सोडलं नव्हतं. माझ्या मात्र मनात येई, हा गेला की मग हिचं काय?

तो थंडीतच गेला, बागेत, बांधावर, तोंडाशी संत्रं. बागवाल्यानं एका झाडाखाली जागा दिली. आत्यानं स्वतः माती लोटली. घरी येऊन पट्टा खुंटीला टांगला, आत गेली आणि कापसाची टोपली पुढं ओढली.

आई दारात उभी राहून मला म्हणाली, "झालं. बसली परत." आईच्या डोळ्यांत पाणी होतं. टोपली लपवून ठेवावी असंही तिच्या मनात आलं, पण हात धजेना. सकाळी आत्या उठे, दाराकडं बघे, परत येऊन बसे. वाती वाढत चालल्या. मी तेव्हा कॉलेजच्या वयाची घोडी, पण मला परत ती जुनी भीती वाटू लागली. दार उघडावं तर नुसता कापूस.

मग एका सकाळी कडी वाजली. मी बाहेर आले तर आत्या चपला घालत होती. आई चुलीपासून म्हणाली, "ताई, कुठं निघालात?" आत्या जरा थांबली. पट्टा खुंटीवर होता.

"फिरून येते," ती म्हणाली.

मी तिच्याबरोबर गेले. तिनं ये म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. ती सावकाश चालत होती, कारण ओढणारं कोणी नव्हतं. धुकं होतं. बसस्टँडच्या वळणावर कोपऱ्याच्या घरातली काकू सडा टाकत होती. तिनं आम्हाला लांबूनच पाहिलं, बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले. आता सुटका नव्हती. मी आत्याचा हात धरायला गेले, तर तो हात पुढं झाला होता, मूठ अर्धी मिटलेली, पट्टा धरल्यासारखी.

"मास्तरांच्या बहीण न जी तुम्ही? रोज पाहून राहिली मी. कधी आल्या? किती दिवस मुक्काम?"

आत्या थांबली. तिनं मूठ सोडली. मान वर केली.

"मुक्काम नाही काकू," ती म्हणाली. "मी इथंच राहते."

एवढंच. मला वाटलं आता पुढचा प्रश्न येईल, मग त्याच्या पुढचा, आणि आत्या धावत सुटेल. काकूनं तिच्याकडं नीट पाहिलं, मंगळसूत्राकडं पाहिलं, आणि बादली उचलली.

"असं का? बरं झालं बाई. मंग उद्या जरा दारावर हाक मारा न, मीबी येत जाईन फिरायले. गुडघे धरून राहिले माझे."